सुताच्या कोनावरची काच

“वहिनी, उद्यापासनं शेडमध्ये येऊ नका.”

सातगोंडा मगदूम यांनी हे दारातच सांगितलं. बसा म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही. इचलकरंजीत यंत्रमागवाल्याच्या दारातून माणूस बिनचहाचा परत जातो, तेव्हा काहीतरी मोठंच बिनसलेलं असतं. सुलभा आवटी खांद्यावरची शिडी सावरत तशीच उभी राहिली. तिला आधी वाटलं, अण्णा चेष्टा करताहेत. अण्णांना चेष्टेची खोड होतीच.

“काय झालं, अण्णा?”

“आता माझ्याच तोंडनं वदवून घ्या. माझे चोवीस माग, त्यातले नऊ सोमवारपासनं बंद हाईत. हे मी बायकोलासुद्धा सांगितल्यालं न्हाई. आणि पेठेतला व्यापारी मलाच फोनवर सांगतोय, अण्णा, नऊ माग थंड पडल्यात म्हणं, अडचणीत दिसतासा, मग कापड जरा भाव पाडून द्या की.” अण्णांचा आवाज चढला. “कामगार सगळे माझ्या भावकीतले. ह्या आठवड्यात बाहेरचं माणूस एकच आलं. तुम्ही.”

“मी सांगीन?”

“न्हाई म्हणा, मला बरं वाटंल,” अण्णा म्हणाले, आणि तिनं तोंड उघडायच्या आधीच पाठ फिरवून आत गेले.

सुलभा रस्त्यावर आली. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर तिनं तिथल्या तिथं दोन सुनावले असते. पण हे अण्णा होते. नवरा विलास गेला तेव्हा तिच्या पदरात केबलचा अर्धामुर्धा धंदा आणि सासू होती. बाई माणूस खांबावर चढणार काय, म्हणून लोक हसत होते, तेव्हा अण्णांनी आपल्या शेडवर शिडी लावून दिली होती आणि खाली उभं राहून ती धरली होती. त्यांच्यामागून सगळी गल्ली तिची गिऱ्हाईक झाली, मग दुसरी, मग सगळा भाग.

केबलचा धंदा तारेवर चालतो असं बाहेरच्यांना वाटतं. तो चालतो लोक घरात येऊ देतात म्हणून. तार देवघराच्या मागून जाते, पलंगाखालून जाते. कुणाच्या घरात कोण रुसून बसलंय, कुणाचं कोण सासर सोडून आलंय, कुणाच्या कपाटाला बाहेरून कुलूप आहे, सगळं सुलभाला दिसायचं. ती ते जिथल्या तिथं सोडून यायची. म्हणूनच बायका घरात एकट्या असतानाही तिला ‘ये गं’ म्हणायच्या आणि स्वतः मोरीवर निघून जायच्या.

आणि आता तीच चुगली करते, असं अण्णांना वाटत होतं. ते त्यांच्यापुरतंच असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण दोनच दिवसांपूर्वी गल्लीतल्या चौगुलेकाकूंनीही तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

चौगुल्यांकडं मुलाला, संतोषला, पाहायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा हातात, बोलणी रंगात आलेली, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर जाहिरातीत एक हसरी बाई येऊन म्हणाली, ‘घरातल्या रोजच्या भांडणांना कंटाळलात? आम्ही तुमच्या गल्लीतच आहोत.’ नेटवरच्या जाहिराती घर बघून येतात हे सगळ्यांना ठाऊक; पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. चौगुल्यांचं घर म्हणजे गल्लीतलं शांत घर, असा लौकिक. नवरा-बायको भांडतात ते दारं-खिडक्या लावून, हे फक्त सुलभाला माहीत होतं, कारण एकदा ती माळ्यावर तार ओढत असताना खाली सगळं झालं होतं.

“तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?” काकूंनी फटीतून विचारलं आणि कडी घातली.

सुलभानं डोकं खाजवलं. गेली इतकी वर्षं काही नाही आणि आताच हे का? बदललं होतं ते एकच. तीन महिन्यांपूर्वी तिची तार सामायिक झाली होती.

त्या वेळी नाट्यगृहात जाहीर सुनावणी झाली होती आणि अर्धं गाव लोटलं होतं. नवा नियम असा की, घरापर्यंत फायबरची, म्हणजे काचेची तार कुणीही ओढलेली असो, ठरावीक भाडं घेऊन तिच्यावरून दुसऱ्या कंपन्यांनाही इंटरनेट देऊ द्यायचं. ग्राहक मंचाचे प्राध्यापक उपाध्ये नियमाच्या बाजूनं बोलले. “प्रत्येक कंपनीनं आपापली तार ओढायची म्हटलं तर गल्लीतून आभाळ दिसायचं नाही,” ते म्हणाले. “आणि तार एकाच्याच हातात राहिली, तर तो म्हणेल तो भाव आणि तो देईल ती सेवा. तार एक राहू दे, दुकानं चार होऊ देत.”

विरोधात सुलभा उभी राहिली. “खड्डे मी खणले, पावसापाण्यात खांबावर मी चढले. आता दुसऱ्यानं यायचं आणि माझ्या तारेवर धंदा करायचा? उद्या तुमच्या घरातली एक खोली सक्तीनं भाड्यानं द्यायला लावली तर चालेल?” टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण तिचं स्वतःचं नव्हतं हे खरं. ज्या महारेषा कंपनीकडून ती घाऊक इंटरनेट घेऊन घरोघर द्यायची, त्या कंपनीनं वकील पाठवला होता. भाषण त्यानं लिहिलं, सुलभानं पाठ केलं. महारेषानं छोट्या केबलवाल्यांसाठी त्या वेळी जी धावपळ केली, ती पाहून तिला गहिवरून आलं होतं.

एवढं करूनही नियम झाला आणि झुळूक नावाची कंपनी तिच्या तारेवर आली. आणि खरं सांगायचं तर प्राध्यापकांचंच बरोबर निघालं. दर उतरले, तक्रारी कमी झाल्या, झुळूकचं भाडंही वेळेवर येऊ लागलं. सुलभानं मनातल्या मनात हारसुद्धा मानली होती. फक्त एक गोष्ट तिला खटकायची. झुळूकला गिऱ्हाईक मिळालं जेमतेम गल्लीभर, पण तारेतून प्रकाश सोडायचा, म्हणजे नेट चालवायचा हक्क त्यांनी सगळ्या घरांच्या तारांवर घेतला होता. त्याचं भाडं भरून वर ते खूश होते. धंद्यात तोटा खाऊन हसणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

ती शिडी घरी टाकून तडक झुळूकच्या ऑफिसात गेली.

ऑफिस जुन्या सूतगोदामाच्या माडीवर होतं. तिथं ऋजुता केतकर नावाची इंजिनीअर बसायची. पुण्याची, हुशार, बोलायला गोड मुलगी. सुलभा तिला दोनदा भाकरी-पिठलं घेऊन गेली होती, त्यामुळं ती सुलभाला काकू म्हणायची.

“खरं सांग,” सुलभा उभ्या उभ्याच म्हणाली. “माझ्या तारेतनं तुम्ही काय नेताय?”

ऋजुतानं मान वर केली. तिला प्रश्न कळला नाही असं वाटेना. उलट इतक्या उशिरा का विचारला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“काकू, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

तिनं पडदा सुलभाकडं वळवला. पडद्यावर एकाखाली एक बारीक रेघा थरथरत होत्या. प्रत्येक रेघेपुढं एक घर क्रमांक. ऋजुतानं एक रेघ मोठी केली.

“हे तुमचं घर. आता घरात एक माणूस आहे. वजनानं हलकं, डावा पाय ओढत चालतं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलं. ही कुकरची शिट्टी. तिसरी. आता ते परत आत चाललंय.”

सुलभाच्या सासूला गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला होता. तिचा डावा पाय तेव्हापासून ओढला जायचा. सुलभा खुर्चीवर बसली. आपल्या घरात कुणी परका उभा आहे आणि आपण इथून पाहतोय, असं तिला झालं.

“कॅमेरा कुठं बसवलाय?”

“कॅमेरा नाही, काकू. काहीच बसवलेलं नाही. तारच आहे.”

मग ऋजुतानं समजावून सांगितलं. काचेच्या तारेत आपण प्रकाश सोडतो, तो पुढं घरापर्यंत जातो. पण काच कितीही निर्मळ असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक दोष असतात. त्यांच्यावर आपटून प्रकाशाचा कणभर भाग मागं येतो. कुणी चाललं, बोललं, दार आपटलं की भिंत थरथरते. भिंतीबरोबर काच ताणली जाते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यानं परतीचा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परत आला, यावरून थरथर कुठं झाली ते कळतं. रेल्वेमार्गाशेजारच्या, तेलाच्या नळांशेजारच्या तारा अशा कित्येक वर्षं वापरात आहेत.

“पण गावात हे जमत नव्हतं,” ती म्हणाली. “गल्लीच्या तोंडाशी एका तारेच्या बत्तीस तारा होतात. बत्तीस घरांचा परतीचा प्रकाश एकात मिसळतो. लग्नाच्या मांडवात सगळे एकदम बोलल्यावर काय कळणार? पाच वर्षांपूर्वी त्याची उकल करणारी पेटी निघाली. पण तिलाही घर ओळखायला खूण लागते. प्रत्येक घरात तारेची लांबी चांगली वेगवेगळी पाहिजे. आणि तार एखाद्या पोकळ वस्तूवर घट्ट गुंडाळून भिंतीला चिकटवलेली असेल, तर मग विचारूच नका. असं कुठल्याच गावात नसतं. तुमच्याकडं आहे.”

सुलभाला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

इतर गावांत जादा तारेची गुंडाळी करून खिळ्याला अडकवतात, नाहीतर तार मोजूनमापून तोडतात. विलासला ते पटायचं नाही. उद्या टीव्ही दुसऱ्या खोलीत नेला, घर वाढवलं, तर गिऱ्हाइकानं नव्या तारेला पैसे का मोजायचे? म्हणून तो हात सैल सोडून तार शिल्लक ठेवायचा. आणि इचलकरंजीत रिकाम्या कोनांना काय तोटा? सूत संपलं की पुठ्ठ्याचे ते पोकळ कोन पोत्यानं पडलेले असतात. त्यावर तार सुतासारखी गच्च गुंडाळायची आणि कोन भिंतीला स्क्रूनं बसवायचा. दिसायला सुबक, तार गुंतत नाही. विलासमागं सुलभानं ते तसंच चालू ठेवलं. ज्या घराशी जिव्हाळा जास्त, त्या घराला वेढे जास्त. अण्णांच्या शेडला सगळ्यांत जास्त, कारण ते शेड वाढवणार होते.

म्हणजे अण्णांचं खरंच होतं. माग बंद असल्याचं तिनंच बाहेर पोचवलं होतं.

“कोन काढला तर?” तिनं कसंबसं विचारलं.

“तर मग काही नाही. साध्या तारेतून नुसता कालवा येतो, घर वेगळं ओळखता येत नाही.”

“माणसं बोलतात ते ऐकू येतं?”

“येतं. पण शब्द आम्ही काढत नाही. आमच्या कंपनीचं धोरण आहे. आम्ही फक्त अंदाज विकतो. कुठं काम चालू, कुठं बंद, कुठं आजारपण, कुठं वादावादी.”

“आम्ही काढत नाही म्हणजे? मग कोण काढतं?”

ऋजुता पडद्याकडं पाहू लागली. “महारेषाची पेटी चार वर्षं तुमच्याच केबलच्या खोलीत आहे, काकू. आमच्या कितीतरी आधीपासून. सुनावणीत ते तुमची तार वाचवत नव्हते. कान त्यांच्या एकट्याचाच राहावा म्हणून भांडत होते. आम्हाला दुसरा कान लावायचा होता.”

“आणि नियम?”

“प्रकाश कुणी सोडायचा, ते नियमात आहे. परत आलेला प्रकाश कुणाचा, ते नाही. त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.”

सुलभाच्या डोळ्यांपुढं ते नाट्यगृह आलं. एका बाजूला प्राध्यापक, एका बाजूला आपण, समोर टाळ्या वाजवणारी माणसं. ज्यांच्या भिंतींवरून हे भांडण चाललं होतं ती हीच माणसं, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी काहीच सांगितलेलं नव्हतं. आपल्या तोंडी घातलेलं ते भाषण आठवून तिला शिसारी आली.

ती उठली तशी ऋजुता चांगल्या मनानंच म्हणाली, “तार तुमची आहे, काकू. पेटी तुम्हीही बसवू शकता. मालकाला कुणी अडवत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा शिडी घेऊन पुन्हा मगदुमांच्या शेडवर गेली. पाळी संपून कामगार गेले होते, माग गप्प होते. ती न विचारता आत शिरली, भिंतीवरचा कोन दाखवून अण्णांना सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. आपण वेढे जास्त का दिले तेही सांगितलं.

अण्णा ऐकता ऐकता मागाच्या फळीवर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते एकदा कोनाकडं पाहत, एकदा तिच्याकडं.

“इथं बसून मी भावाशी वाटणीचं बोललोय,” ते हळूच म्हणाले, जणू आताही कुणी ऐकत होतं. “डॉक्टरशी बोललोय.” मग त्यांनी हात जोडले. “वहिनी, माझं चुकलं. तुमच्यावर आळ घेतला मी. माझी जीभ कशी झडली न्हाई.”

सुलभाला रडू आलं. कालपासून तिनं ते धरून ठेवलं होतं. पदरानं डोळे पुसत तिनं पिशवीतून कात्री काढली आणि शिडीवर पाय ठेवला. “आधी हा कोन उतरवते.”

“थांबा जरा,” अण्णा म्हणाले.

ती थांबली.

“पलीकडं नेज्यांची शेड हाय. त्यांच्याकडंबी तुमचाच कोन की.” अण्णांनी घसा साफ केला. “त्यांचे किती माग चालू हाईत, ते कळंल का?”

सुलभाला वाटलं, आता तरी अण्णा हसतील. ते हसले नाहीत.

“अण्णा, नेज्यांनी तुमच्याबद्दल हेच विचारलं तर?”

“म्हणून तर म्हणतोय. त्यांनी विचारायच्या आत.” ते उठून जवळ आले, मायेनं बोलले. “मी आजच्या आज चौकात सगळ्यांस्नी सांगतो, आवटीवहिनींचा काय बी दोष न्हाई. तुमचं नाव होतं तसं करून देतो. तुम्ही फक्त तेवढं बघा.”

तिला हवं होतं ते सगळं अण्णांच्या एका शब्दावर होतं. त्यांनी सांगितलं असतं तर गल्लीतली सगळी दारं संध्याकाळपर्यंत उघडली असती. तिनं शिडीवर उभं राहून त्यांच्याकडं पाहिलं. हाच माणूस एकदा शिडी धरून खाली उभा होता, यावर तिचा विश्वास बसेना.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिनं तार कापली.

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “ऱ्हाऊ दे. झुळूकवाल्यांस्नी इचारतो. तार आता त्यांचीबी हाय.”

सुलभा बाहेर आली. तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. ती घरोघर जाऊन सांगत बसली, तर प्रत्येक दारात तिला आधी शिव्या मिळतील आणि मग नेज्यांची चौकशी होईल. ती नाही म्हणाली तर झुळूक आहे, झुळूक नसेल तर महारेषा. तार एकाची असो की चौघांची, कोन भिंतीवर असेपर्यंत ऐकणाऱ्याला घर उघडंच होतं.

तिनं शिडी सरळ गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांबाला लावली. वर चढून पेटी उघडली आणि मुख्य तार मधोमध कापून टाकली. मग पुढच्या गल्लीची. मग त्याच्या पुढची. सामायिक तार तोडणं हा नियमाचा भंग होता, दोन्ही कंपन्यांच्या नोटिसा येणार होत्या, धंदाही कदाचित जाणार होता. हे सगळं तिला ठाऊक होतं, तरी ती कापत गेली.

पाचच मिनिटांत घराघरांतून माणसं बाहेर आली. कुणाची मीटिंग तुटली होती, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाची मालिका. शिडीभोवती घोळका जमला.

“नेट कधी येणार?” एकानं दरडावून विचारलं.

सुलभा खाली उतरली आणि जे होतं ते सांगितलं. प्रकाश, भिंत, पेटी, दोन्ही कंपन्या, आणि आपले कोन. एक बाई तोंडाला पदर लावून मटकन उंबऱ्यावर बसली.

“आता ऐका,” सुलभा म्हणाली. “ज्याच्या भिंतीवरचा कोन मी माझ्या हातानं उतरवीन, त्याचंच नेट जोडून देईन. त्यासाठी मला घरात येऊ द्यावं लागंल. बघा पटतंय का.”

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मग गर्दीतून चौगुलेकाकू पुढं आल्या. त्यांनी सुलभाचा दंड धरला.

“आधी माझ्याकडं चल,” त्या म्हणाल्या.

सुलभाचा जीव भांड्यात पडला. ज्या दारानं तिला बाहेर ठेवलं होतं तेच सगळ्यांत आधी उघडलं होतं. तिनं चपला काढल्या, आत गेली, खुर्ची ओढून कोनाखाली ठेवली. मागं काकूंनी दार लावून घेतलं. खिडकी लावली. पडदाही सारला. मग त्या खुर्चीजवळ येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या,

“आमचा संतोष रात्री फोनवर कुणाशी बोलतो गं? तेवढं ऐकून सांग मला. मग काढ तुझा कोन.”